घरी शिवलेले लहान मुलांचे कपडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील आमच्या लहानशा दुकानातील झबली, टोपडी, कुंच्या, बंड्या, परकर-पोलकी आणि फ्रॉक घरीच बेतले आणि शिवले जातात. कपडे घ्यायला येणारे आईवडील व आजी-आजोबा, तसेच घरात मशीन आहे म्हणून असाच उद्योग सुरू करू पाहणाऱ्या भगिनी, आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

हे कपडे नेमके कोण शिवते?

घरातील तिघी जणी शिवतात. कापड बेतण्याचे काम माझ्याकडे असते, कारण बेतणारा हात बदलला की एकाच मापाच्या दोन झबल्यांत फरक पडू लागतो. मशीनवरच्या टिपा जाऊबाई घालतात. काजे करणे, बटणे व हुक लावणे आणि हातशिलाई ही कामे सासूबाईंची आहेत. त्यांच्या हातचे काज मशीनच्या काजापेक्षा नीट बसते आणि धुतल्यावर त्याचे दोरे निघत नाहीत. रविवार पेठेतून कापड, लेस व अस्तर आणणे आणि हिशेब लिहिणे हे घरातील पुरुष मंडळींकडे आहे. प्रत्येकाने किती वेळ काम केले याची नोंद वहीत रोजच्या रोज होते. ही वही कशासाठी, ते किमतीच्या प्रश्नात येईलच.

बाळ जन्मण्यापूर्वी कपडे शिवून घ्यावेत का? काही घरांत तसे चालत नाही.

बाळाच्या जन्माआधी नवे कपडे शिवू नयेत किंवा घरात आणू नयेत, अशी रीत अनेक मराठी घरांत आजही पाळली जाते, आणि बाळाला पहिले काही दिवस घरातील जुने, धुऊन मऊ झालेले कपडेच घातले जातात. या रीतीमागील श्रद्धेबद्दल आम्ही काही म्हणणार नाही. जुन्या सुती कापडाविषयी मात्र एवढे निश्चित सांगता येते की वारंवार धुतल्याने त्यातील खळ आणि सुटा रंग निघून गेलेला असतो, आणि नवजात बाळाच्या नाजूक त्वचेला त्याचा त्रास कमी होतो. ज्यांच्याकडे ही रीत आहे त्यांच्यासाठी आम्ही आजीचे जुने सुती लुगडे किंवा साडी घेऊन तिचीच दुपटी आणि झबली शिवून देतो, आणि हे काम आम्हाला फार आवडते. बारशाला म्हणजे बाराव्या दिवशी लागणारी कुंची आणि नवे झबले जन्मानंतर कळवले तरी वेळेत मिळते.

लहान मुलांसाठी कोणते कापड चांगले?

पहिल्या वर्षी मलमल आणि मऊ होजिअरी, त्यानंतर वायल, कॅम्ब्रिक आणि पातळ पॉपलीन, असे आमचे सर्वसाधारण धोरण आहे. पुण्याच्या उन्हाळ्यात दुहेरी मलमलीचे झबले सर्वांत सुखाचे असते. कापड शुद्ध सुती आहे का, हे पाहण्यासाठी त्याचा एक दोरा उसवून जाळून पाहावा : सुती दोरा कागदासारखा जळतो व मऊ राख उरते, तर पॉलिस्टरचा दोरा वितळून कडक गाठ होते. मिश्र धाग्यात दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या दिसतात.

सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच टक्के आटू शकते. वीस इंच उंचीचा फ्रॉक पाच टक्के आटला तर तो एक इंचाने तोकडा होतो. त्यामुळे बेतण्यापूर्वी प्रत्येक कापड रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून आणि इस्त्री करून घेतले जाते. या कामाला वेळ लागतो, जागा लागते आणि पावसाळ्यात तर घरभर दोऱ्या बांधाव्या लागतात. तरीही ते टाळून शिवलेला मुलांचा कपडा आम्ही दुकानात ठेवत नाही.

शिकणाऱ्यांसाठी थोडे अधिक : मलमलीला ९ किंवा ११ क्रमांकाची सुई, कॅम्ब्रिक व पॉपलीनला ११ किंवा १४, आणि होजिअरीला गोल टोकाची सुई वापरावी. साधी अणकुचीदार सुई होजिअरीचे विणलेले फास तोडते आणि दोन धुण्यांत तेथे बारीक भोके दिसू लागतात.

कपड्यांचे रंग सुरक्षित असतात का?

त्वचेला आणि आरोग्याला घातक ठरणाऱ्या काही अॅझो रंगांच्या वापरावर भारतात १९९७ पासून बंदी आहे. त्यामुळे कापड पक्क्या बिलावर आणि नेहमीच्या व्यापाऱ्याकडूनच घ्यावे, हा पहिला नियम. दुसरा नियम घरी पाळायचा आहे : ओले पांढरे फडके कापडावर जोराने घासावे आणि फडक्याला रंग लागला तर ते कापड तान्ह्या बाळाच्या वाट्याला येऊ देऊ नये, कारण बाळ कपड्याची कड आणि बाही हमखास तोंडात घालते. गडद लाल, काळा व निळा हे रंग विशेष तपासावेत.

खण, इरकल किंवा पैठणीचे कपडे मुलांना टोचत नाहीत का?

अस्तर नसेल तर टोचतात. खण मूळचा बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डचा. तेथील हातमागाच्या खणाखेरीज आज बाजारात यंत्रमागावरचा, पॉलिस्टर धाग्याचा खणही भरपूर मिळतो. दोन्हींत नक्षीचे धागे उलट्या बाजूने सुटे राहतात आणि बाळाची नखे, पायातील वाळे किंवा हातातील बिंदल्या त्यांत अडकतात. जरीचा काठ असेल तर काखेत आणि गळ्याशी ओरखडे उठतात. म्हणून आमच्याकडील प्रत्येक खणाच्या पोलक्याला आणि कुंचीला आतून पूर्ण मलमलीचे अस्तर असते, आणि गळ्याची व मुंढ्याची शिवण दोन कापडांच्या मध्ये बंद होते. परकराच्या नेफ्यालाही सुती पट्टी लावतो. अस्तरामुळे कपड्याची किंमत वाढते हे खरे आहे; पण अस्तराशिवाय स्वस्त करून द्या, ही विनंती आम्ही मान्य करत नाही. बारशाच्या दिवशी रडणाऱ्या बाळाला सगळे पाळण्याभोवती उभे राहून समजावत असतात, आणि त्याच्या मानेला काय टोचते आहे ते कोणी पाहत नाही.

आजीच्या किंवा आईच्या जुन्या पैठणीतून परकर-पोलके शिवून देतो. साडी आधी उजेडात धरून पाहावी लागते, कारण घडीवर विरलेले रेशीम शिवणीचा ताण सहन करत नाही. अशा साडीचा काठ आणि पदर चांगला असेल तर त्याचा उपयोग सुती कापडाला जोडून करता येतो.

तयार कपड्यावर वय लिहिलेले असूनही तो मुलाला का बसत नाही?

वय हे माप नव्हे, आणि लहान मूल म्हणजे आकाराने लहान केलेला मोठा माणूसही नव्हे. जन्मतः बाळाची लांबी सुमारे ५० सेंटिमीटर असते, पहिल्या वाढदिवसापर्यंत ती ७५ च्या आसपास जाते आणि चौथ्या वर्षी सुमारे १०० होते. डोके मात्र सुरुवातीपासूनच मोठे असते. जन्मतः डोक्याचा घेर ३४-३५ सेंटिमीटर असतो व तो छातीच्या घेरापेक्षा जास्त असतो. वर्षाच्या सुमारास दोन्ही घेर जवळजवळ सारखे, म्हणजे ४६ सेंटिमीटरच्या आसपास येतात, आणि पुढे छाती डोक्याला मागे टाकते.

बेतणाऱ्याने ही गोष्ट लक्षात घेतली नाही तर गळा चुकतो. वर्षाच्या मुलाच्या डोक्यातून सहज उतरेल एवढा मोठा गोल गळा ठेवला तर तो खांद्यांवरून घसरतो, आणि खांद्यांवर नीट बसेल एवढाच ठेवला तर कपडा घालताना नाक व कान ओढले जातात. यावरचा उपाय जुन्या झबल्यातच आहे : ते पूर्ण उघडते आणि बाजूला किंवा पाठीवर बांधले जाते, त्यामुळे डोक्यातून घालण्याचा प्रश्नच येत नाही. फ्रॉकला आणि बंडीला आम्ही खांद्यावर किंवा पाठीवर उघड ठेवतो. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांना लंगोट किंवा डायपर असतो, म्हणून चड्डीची आणि दुटांगीची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा उंच बेतावी लागते. मोठ्यांच्या पॅन्टचा बेत प्रमाणात लहान करून ही गोष्ट साधत नाही.

मुले लवकर वाढतात. मग एवढा खर्च कशासाठी करावा?

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर कपड्याच्या बेतातच द्यावे लागते. पहिल्या वर्षात मूल साधारण २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात त्याच्या निम्मे, आणि तिसऱ्या वर्षानंतर दरवर्षी सहा-सात सेंटिमीटर. छातीचा घेर त्या मानाने फार सावकाश वाढतो. याचा अर्थ असा की दीड-दोन वर्षांनंतरचा कपडा प्रथम उंचीला कमी पडतो. अंगात तो त्यानंतरही बराच काळ बसतो. म्हणून आम्ही परकराला खालच्या बाजूस अर्ध्या अर्ध्या इंचाचे दोन टक घालतो. टक हा दुहेरी असल्यामुळे प्रत्येक टक उसवल्यावर एक इंच कापड मोकळे होते, म्हणजे दोन्ही मिळून दोन इंच. शिवाय तळाची दुमड दोन इंच ठेवतो, तीही पुढे उतरवता येते. पोलक्याच्या बाजूच्या शिवणीत प्रत्येकी पाऊण इंच कापड आत असते. परकर-पोलके दोन वर्षे आणि नशिबाने तिसऱ्या वर्षीही वापरात राहावे, या हिशेबानेच ते बेतलेले असते.

टक उसवून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही. कपडा धुऊन आणावा, एवढेच.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत आमचा सल्ला वेगळा आहे. तीन महिन्यांपर्यंतची झबली भरजरी किंवा महागडी घेऊ नयेत. साधी मलमलीची झबली मुबलक घ्यावीत आणि ती पुढे भावंडांत फिरू द्यावीत.

टोपड्याला आणि कुंचीला बंद असतात. ते धोक्याचे नाहीत का?

बाळ जागे असेल आणि कोणाच्या तरी नजरेसमोर असेल तर हनुवटीखाली सैल बांधलेले टोपडे चालते. झोपलेल्या बाळाच्या गळ्याशी कोणताही बंद असू नये. युरोपातील मानकानुसार सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांना मानेजवळ किंवा टोपीला नाड्या ठेवता येत नाहीत, कारण घसरगुंडी, पाळणा किंवा दारात अडकून त्या गळ्याला फास बसवू शकतात. आपल्याकडील कुंची ही समारंभाची वस्तू आहे. नाव ठेवून झाले, छायाचित्रे निघाली, की ती उतरवून ठेवावी. ज्यांना थंडीसाठी टोपडे हवे आहे त्यांच्यासाठी आम्ही बंद न लावता होजिअरीची घट्ट न बसणारी टोपी शिवतो.

बटणांबद्दल आम्ही विशेष दक्ष आहोत. तीन वर्षांखालील मुलांच्या कपड्यांना सुटे मणी, घुंगरू, आरसे किंवा टिकल्या लावत नाही. बटण चार भोकांचे घेऊन त्याची पायडी, म्हणजे बटण आणि कापड यांमधला दोऱ्यांचा भाग, दोऱ्याने गुंडाळली जाते आणि गाठ कापडाच्या दोन थरांत जाते. त्यानंतर सासूबाई प्रत्येक बटण ओढून पाहतात. झबल्याला शक्यतो कापडाचेच बंद असतात व ते आखूड ठेवतो. सुई मोडली तर तिचे सर्व तुकडे सापडेपर्यंत तो कपडा बाजूला राहतो आणि चुंबक फिरवल्याशिवाय पुढे जात नाही. हे ऐकून कोणाला अतिरेक वाटेल, पण रांगते मूल घरात असलेल्या कोणत्याही बाईला तो वाटत नाही.

दिवाळीसाठी नेटचे आणि नायलॉनचे फ्रॉक मागितले जातात. कृत्रिम धागा पेटला की वितळून त्वचेला चिकटतो. सुती कपडाही पेटतो, तो वितळत मात्र नाही. फटाके आणि पणत्या जवळ असताना मुलांच्या अंगात लोंबते काही नसलेला, आटोपशीर सुती कपडा असावा आणि झालरीचा फ्रॉक भाऊबिजेला घालावा, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

पेटीत जपून ठेवलेले मोठ्या मुलाचे कपडे धाकट्याला घालता येतील का?

अवश्य घालावेत, मात्र पेटीत डांबरगोळ्या ठेवल्या असतील तर आधी ही माहिती वाचावी. डांबरगोळ्या नॅप्थॅलिनच्या असतात. ज्या नवजात बाळांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असते, त्यांच्यात नॅप्थॅलिनच्या वाफेमुळे तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, आणि बाळाला ही कमतरता आहे की नाही हे घरात सहसा कोणाला ठाऊक नसते. अशा पेटीतील दुपटी, लोकरीचे कपडे आणि कुंच्या बाळाच्या जवळ आणण्यापूर्वी धुवाव्यात आणि वास पूर्णपणे जाईपर्यंत काही दिवस उन्हा-वाऱ्यात ठेवाव्यात. बाळाच्या कपड्यांत यापुढे डांबरगोळ्या ठेवूच नयेत. स्वच्छ धुतलेला, पूर्ण कोरडा, खळ न लावलेला कपडा सुती पिशवीत वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह ठेवावा आणि वर्षातून दोनदा ऊन दाखवावे.

किंमत कशी ठरवता? बाजारात असेच परकर-पोलके निम्म्या किमतीत मिळते.

येथे आम्ही आकडेच मांडतो. दर उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकीने आपल्या गावचे दर घालून पाहावेत.

समजा, दोन वर्षांच्या मुलीचे सुती परकर-पोलके शिवायचे आहे. ४४ इंच, म्हणजे सुमारे ११२ सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडातून ५६ सेंटिमीटर उंचीच्या दोन पट्ट्या काढल्या की सव्वादोन मीटरच्या जवळ घेर मिळतो. टक, दुमड आणि नेफा धरून उंची पुरते. पोलक्याचे कापड मिळून पावणेदोन मीटर लागते. मीटरला १६० रुपये दराने त्याचे २८० रुपये झाले. अस्तराच्या मलमलीचे ४० आणि काठ, हुक, नाडी, दोरा यांचे ५० धरले, तर सामानाचे ३७० रुपये होतात.

आता वेळ. बेतायला अर्धा तास, टिपांना दोन तास, हातशिलाई व इस्त्रीला एक तास, असे साडेतीन तास. ताशी ८० रुपये धरले तर २८० रुपये. एकूण ६५० झाले. वीज, मशीनची दुरुस्ती, बाजाराच्या खेपा आणि न विकला गेलेला माल यांसाठी दहा टक्के, म्हणजे ६५ रुपये घातले की ७१५ होतात. हा कपडा दुसऱ्याच्या दुकानात ठेवला आणि दुकानदाराचा वाटा विक्रीच्या किमतीच्या तीस टक्के असला, तर ७१५ ला ०.७ ने भागावे लागते आणि किंमत सुमारे १,०२० रुपये येते. पुष्कळ जणी ७१५ मध्ये तीस टक्के मिळवून ९३० लिहितात. दुकानदार आपला वाटा ९३० वर घेतो आणि हातात ६५१ रुपयेच येतात.

हाच हिशेब घरातल्या बायकांचा वेळ न धरता केला तर किंमत ५८० रुपयांच्या आसपास निघते. घरगुती कपडे स्वस्त का असतात, याचे उत्तर फार वेळा या दोन आकड्यांच्या फरकातच असते. सासूबाईंनी केलेली काजे, जाऊबाईंच्या टिपा आणि रात्री उशिरा केलेली इस्त्री ‘घरचेच तर आहे’ म्हणून हिशेबाबाहेर राहते. काही महिने ते चालते, पुढे दिवाळीची गर्दी येते, पाठ दुखू लागते, बाहेरून शिवून घ्यावे म्हटले तर मजुरी परवडत नाही, कारण किमतीत ती कधी धरलेलीच नव्हती. वहीतील नोंद यासाठी आहे. महिन्याअखेरीस प्रत्येकीच्या तासांप्रमाणे रक्कम तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जाते, सासूबाईंच्याही. ज्या घरात हा उद्योग सुरू होत असेल तेथे पहिल्या दिवसापासून हे करावे, असा आमचा मनापासून आग्रह आहे.

बाजारातील स्वस्त कपड्याला आम्ही नावे ठेवत नाही. कारखान्यात कापडाच्या अनेक घड्या एकदम कापल्या जातात, एक कामगार दिवसभर बाहीच लावतो आणि अस्तर सहसा नसते. त्या पद्धतीची किंमत आम्हाला जमणार नाही.

घर, मुले आणि शिवणकाम यांची वेळ कशी जमवावी?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे एकच उत्तर सर्व घरांना लागू पडत नाही. आमच्याकडे कामाचे तुकडे वेळेप्रमाणे पाडलेले आहेत. बेतण्याला सलग शांतता लागते, म्हणून ते मुले शाळेत असताना होते. टिपा दुपारी. हुक, बटणे आणि दुमड हे हातचे काम मुलांच्या अभ्यासाजवळ बसून करता येते. रात्री मशीन चालवत नाही, कारण खालच्या मजल्यावर आवाज जातो आणि थकलेल्या हाताखाली सुई लवकर मोडते. मशीनच्या पायांखाली जाड रबर घातल्यास दिवसाचाही आवाज बराच कमी होतो. संक्रांतीच्या काळ्या कपड्यांचे काम फक्त दिवसाउजेडी करावे. काळ्यावर काळा दोरा दिव्याखाली दिसत नाही आणि डोळ्यांवर फार ताण येतो.

मशीनची जागा ठरलेली असावी. कातर, टाचण्या आणि सुया झाकणाच्या डब्यात, उंचावर. विजेच्या मशीनची पिन उठताना काढायची, आणि पायमशीन असेल तर चाकावरचा पट्टा उतरवून ठेवायचा. लहान मुलांची बोटे चाकात जाण्याची भीती त्यामुळे राहत नाही.

खरी कसोटी सणांना लागते. ज्या दिवसांत दुकानाला सर्वाधिक मागणी असते, नेमके त्याच दिवसांत घरात फराळ, साफसफाई आणि पाहुणे असतात. दोन्हीकडे पूर्ण हजेरी लावणे कोणालाही शक्य नाही, म्हणून दिवाळीच्या मागण्या आम्ही दसऱ्याला बंद करतो आणि चकल्या व अनारसे शेजारच्या गृहउद्योगातून आणतो. शिवणकाम करणाऱ्या घरात चकली विकत आली तर त्यात कोणताही कमीपणा नाही; ती चकलीही कुणा बाईच्याच मेहनतीची आहे. दुसरा नियम असा, की हंगामाचे पहिले कापड बेतायला घेतले की त्याच दिवशी आपल्या मुलांचे कपडेही बेतून ठेवायचे. एरवी सर्व गावाची मुले नवे कपडे घालतात आणि आपल्या मुलांच्या कपड्यांना लक्ष्मीपूजनाच्या सकाळी काजे होत असतात.

मुलांनी या कामात मदत करावी का?

शिकण्यापुरती अवश्य करावी. धावदोरा घालणे, दोरे कापणे, बटणांची रंगवार मांडणी करणे यात मुले रमतात, आणि मुलगा असो वा मुलगी, सुई धरता येणे सर्वांना उपयोगाचे आहे. चौदा वर्षांखालील मुलांनी घरच्या धंद्यात शाळेच्या वेळेबाहेर हातभार लावण्यास कायद्याने मुभा असली, तरी मागण्यांचा बोजा त्यांच्यावर कधीही पडू नये.

मशीन कोणते घ्यावे? त्यासाठी काही साहाय्य मिळते का?

सुरुवातीला चांगल्या स्थितीतील साधे सरळ टिपेचे मशीन पुरते. मुलांच्या कपड्यांत कडा बंद करणे महत्त्वाचे असल्याने दुसरी खरेदी ओव्हरलॉकची असावी. तोपर्यंत पातळ कापडाला दुहेरी बंद शिवण घालावी, म्हणजे आधी कापडाच्या उलट बाजू एकमेकींना लावून अरुंद टीप आणि मग पलटून दुसरी टीप, जेणेकरून कापडाची कड आत गुंतून जाते.

केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यातील अठरा व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने दोन हप्त्यांत मिळून तीन लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो, म्हणून अर्ज कोणाच्या नावाने करायचा ते घरात आधी ठरवावे. आमच्या मते तो प्रत्यक्ष मशीनवर बसणाऱ्या व्यक्तीच्या नावाने असावा.

नोंदणी आणि कर यांचे काय?

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य आहे व ती सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या होते. त्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत. महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्या आणि वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असणाऱ्या व्यावसायिकाला जीएसटी नोंदणी सामान्यतः बंधनकारक नसते. राज्याबाहेर माल विकायचा असेल तर मात्र सल्लागाराला विचारूनच पुढे जावे. नोंदणी असलेल्यांसाठी, २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला पाच टक्के दर आहे. कपड्यावर शिवणाऱ्याचे नाव व पत्ता, संपर्क, सेंटिमीटरमधील माप आणि कमाल किरकोळ किंमत लिहिलेली चिठ्ठी असावी.

दुसऱ्याच्या दुकानात माल ठेवताना काय ठरवून घ्यावे?

सर्व लेखी ठरवावे : दुकानदाराचा वाटा, पैसे देण्याची तारीख, खराब झालेल्या किंवा हरवलेल्या मालाची जबाबदारी आणि न विकलेला माल परत देण्याची मुदत. दुकानदाराने माल सरळ विकत घेतला असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार उद्यम नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे करारात ठरलेल्या मुदतीत आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारच नसेल तर पंधरा दिवसांत. ओळखीच्या दुकानदाराकडे कागद मागायला संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो. कागद असला की ओळखही टिकते.

कोणत्या महिन्यात काय खपते?

जानेवारीत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाणे असतात, त्यासाठी काळे परकर-पोलके, काळे झबले आणि सदरा. यांचे कापड नोव्हेंबरातच घ्यावे. शाळांची स्नेहसंमेलने त्याच सुमारास येतात. १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला अंगरखे लागतात. पाडव्याला खण. एप्रिल-मेमध्ये मुंजी आणि मलमल. आषाढी एकादशीच्या शाळांतील दिंड्यांसाठी पांढरा सदरा-धोतर आणि लहान नऊवारी यांची मागणी जूनच्या शाळा उघडताच येते व पंधरवड्यात संपते. मग गणपती, आणि नंतर दिवाळी. बारशी मात्र बारमाही असतात, आणि घर चालते ते त्यांवरच.

उरलेल्या चिंध्यांचे काय करता?

मोठे तुकडे टोपड्यांत आणि खिशांत जातात, लहान तुकड्यांची सासूबाई पाळण्यातली गोधडी शिवतात. गोधडीला धावदोऱ्याचे टाके जवळजवळ घालावेत, नाहीतर धुतल्यावर आतले थर सरकतात.

बाहेरगावाहून मागणी नोंदवताना मुलाचे माप कसे पाठवावे?

मूल झोपलेले असताना मापे घेणे सोपे जाते. डोक्यापासून टाचेपर्यंतची उंची, डोक्याचा घेर, काखेखालून छातीचा घेर, डायपर असल्यास त्यावरून कंबर व बैठक, खांद्यापासून मनगटापर्यंत बाही आणि परकरासाठी कंबरेपासून घोट्यापर्यंतची उंची, ही मापे सेंटिमीटरमध्ये आणि फीत न आवळता घ्यावीत. सैलपणा आम्ही बेतताना धरतो, त्यामुळे मापात स्वतः काही वाढवू नये. सोबत मुलाची जन्मतारीख आणि समारंभाची तारीख लिहावी, म्हणजे कपडा हाती पडेपर्यंत होणारी वाढ हिशेबात घेता येते. अमेरिकेत किंवा आखाती देशांत राहणाऱ्या नातवंडांसाठी आजी-आजोबा मागणी नोंदवतात, तेव्हा माप मुलाच्या आईकडूनच मागवावे, कारण व्हिडिओ कॉलवर पाहून केलेला उंचीचा अंदाज बहुतेक वेळा कमी भरतो.